बळीचा बकरा आणि सोडलेला बकरा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गुड फ्रायडेच्या आसपास ख्रिस्ती श्रद्धेविषयी जे लेख येतात त्यांत एक वाक्य हमखास सापडते : 'येशू हा मानवजातीच्या पापांसाठी बळीचा बकरा ठरला.' लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण या वाक्यात दोन वेगळ्या बकऱ्यांची सरमिसळ झाली आहे, आणि त्या घोटाळ्यातूनच पुढचे चित्र उभे राहते : देव रागावला होता, त्याला कोणाचे तरी रक्त हवे होते, दोषी माणसांऐवजी एक निर्दोष माणूस त्याच्यापुढे मारला गेला आणि त्याचा राग शांत झाला. चर्चमधल्या प्रवचनांतूनही हेच चित्र रंगवले जाते, त्यामुळे बाहेरच्या लेखकाला दोष देण्यात अर्थ नाही. मात्र बायबलमधला विधी पायरीपायरीने वाचला तर हे चित्र त्यात बसत नाही. शिवाय ते तसेच धरून चालले की दुःखात पडलेल्या माणसाचे फार नुकसान होते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

हा विधी जुन्या करारातील लेवीय या पुस्तकाच्या १६ व्या अध्यायात आहे. दिवस सातव्या महिन्याचा दहावा, वर्षातून एकदाच. त्या दिवशी प्रमुख याजक (पुरोहित) अंग धुऊन साधी तागाची वस्त्रे घालतो. स्वतःच्या आणि आपल्या घराण्याच्या पापासाठी त्याने एक गोऱ्हा आणायचा आणि लोकांकडून दोन बकरे घ्यायचे. दोन्ही बकऱ्यांवर चिठ्ठ्या टाकायच्या : एक परमेश्वरासाठी, दुसरा अजाजेलासाठी, म्हणजे रानात पाठवण्यासाठी. (पुढे मिश्ना या यहुदी संहितेत हे दोन बकरे रूपाला, उंचीला आणि किमतीला सारखे असावेत असे सांगितले आहे.) मग गोऱ्हा कापायचा. वेदीवरचे निखारे धुपाटण्यात घ्यायचे, बारीक कुटलेला सुगंधी धूप ओंजळभर घ्यायचा आणि अंतरपटाच्या, म्हणजे पवित्रस्थानाच्या सगळ्यात आतल्या भागापुढच्या पडद्याच्या, आत जायचे. धुराने दयासन झाकले गेले पाहिजे, नाहीतर याजक मरेल, असा स्पष्ट इशारा आहे. दयासन म्हणजे कराराच्या कोशावरचे, देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेल्या पेटीवरचे, शुद्ध सोन्याचे झाकण. अडीच हात लांब, दीड हात रुंद, म्हणजे साधारण ११२ बाय ६७ सेंटिमीटर. गोऱ्ह्याचे रक्त बोटाने या दयासनावर आणि त्याच्यापुढे सात वेळा शिंपडायचे. बाहेर येऊन परमेश्वराच्या वाट्याचा बकरा कापायचा, त्याच्या रक्ताचेही तसेच करायचे आणि मग वेदीच्या शिंगांना (कोपऱ्यांवरच्या टोकांना) रक्त लावायचे.

हे सगळे आटोपल्यावर दुसरा, जिवंत बकरा पुढे आणला जातो. याजक आपले दोन्ही हात त्याच्या डोक्यावर ठेवतो, लोकांचे सगळे अन्याय, अपराध आणि पापे मोठ्याने कबूल करून ती त्याच्या डोक्यावर ठेवतो, आणि नेमलेल्या माणसाच्या हाती त्याला रानात पाठवतो. रानात तो बकरा सोडून दिला जातो. सोडून येणाऱ्या माणसाने कपडे धुवून, अंघोळ करून मगच छावणीत यायचे.

म्हणजे ज्याच्यावर पाप लादले तो बकरा इथे कापला जात नाही. आणि जो कापला जातो त्याच्यावर पाप कबूल केल्याचा या अध्यायात शब्दही नाही. (मंदिराच्या काळात रानातला बकरा कड्यावरून लोटत असत असे मिश्नाच सांगते, पण लेवीयात तसे नाही, आणि तिथेही तो वेदीवर चढत नाही.) पापाने माखलेली वस्तू वेदीजवळ आणायचीच नसते. नेहमीच्या पापार्पणाचे मांस तर 'परमपवित्र' मानून याजकांनी पवित्र जागी बसून खायचे होते. पाप त्या पशूत उतरले असते तर ते मांस परमपवित्र कसे राहिले असते? मराठीतल्या 'बळीचा बकरा' या वाक्प्रचाराने हे दोन पशू एक करून टाकले आहेत.

मग रक्ताचे काम काय? त्या विधीत रक्त हे शिक्षेचे चिन्ह नसून धुण्याचे साधन आहे. लेवीय १७:११ मध्ये कारण दिले आहे : देहाचा जीव रक्तात असतो, आणि ते रक्त वेदीवर तुमच्या जिवांच्या प्रायश्चित्तासाठी 'मी तुम्हाला दिले आहे'. देणारा देव आहे. पापाने पवित्रस्थानच मळते, आणि जिथे मृत्यूचा मळ साचला तिथे जीव नेऊन तो धुवायचा, अशी ही समज आहे. जेकब मिलग्रोम या यहुदी अभ्यासकाने याच कारणाने हत्तात या हिब्रू शब्दाला 'पापार्पण' म्हणण्यापेक्षा 'शुद्धीकरणाचे अर्पण' म्हणावे असा आग्रह धरला, आणि पुष्कळ ख्रिस्ती अभ्यासकांनीही तो मान्य केला आहे.

आता रोजच्या पापार्पणाचे माप पाहा. लेवीयाच्या चौथ्या अध्यायात प्रमुख याजक चुकला तर गोऱ्हा, सगळी मंडळी चुकली तरी गोऱ्हा, अधिकारी चुकला तर बकरा, सामान्य माणूस चुकला तर बकरी किंवा मेंढी. जितका अधिकार मोठा तितके अर्पण मोठे, आणि रक्तही तितकेच आत न्यावे लागते : सामान्य माणसासाठी अंगणातल्या वेदीच्या शिंगांपर्यंत, याजकासाठी थेट अंतरपटापर्यंत. पाचव्या अध्यायात गरिबासाठी उतरती सवलत आहे. मेंढरू परवडत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिले. तेही जमत नसेल तर एफा या मापाचा दहावा हिस्सा सपीठ, म्हणजे साधारण दोन लिटरच्या मापात मावेल इतके, त्यावर तेल नाही, धूप नाही. आणि शेवटी तेच वाक्य : याजक त्याच्यासाठी प्रायश्चित्त करील आणि त्याला क्षमा होईल. रक्ताचा थेंबही नसताना! 'रक्त सांडल्यावाचून क्षमा नाही' हे इब्री लोकांस पत्रातले (९:२२) वाक्य ख्रिस्ती वक्ते नेहमी सांगतात. पण त्याच वाक्याच्या आरंभी, नियमशास्त्राप्रमाणे 'जवळजवळ' सगळे रक्ताने शुद्ध होते, असे आहे. तो शब्द गाळला की रक्ताला नाण्याची किंमत येते, आणि मग देव सावकार होतो.

दोषार्पण हा आणखी वेगळा प्रकार, आणि मला वाटते आजच्या वाचकाला सगळ्यात उपयोगी. कोणी शेजाऱ्याला फसवले, ठेव दाबली, सापडलेली वस्तू लपवून खोटी शपथ घेतली, तर त्याने आधी मूळ वस्तू पुरी परत करायची, तिच्यावर पाचवा हिस्सा भर घालायची, ती मालकाच्या हातात द्यायची, आणि मग मेंढा घेऊन याजकाकडे जायचे. शंभराचे देणे असेल तर एकशे वीस. परतफेड टाळून वेदीकडे जाण्याची वाट इथे बंद आहे. येशूने डोंगरावरच्या प्रवचनात हाच क्रम ठेवला : अर्पण वेदीपुढे राहू दे, आधी जाऊन भावाशी समेट कर. जक्कय जकातदाराने तर चौपट परत करण्याचे कबूल केले. चोरलेल्या मेंढराची नियमशास्त्रातली भरपाई तेवढीच आहे. 'येशूने सगळे फेडले, आता मला कोणाचे काही देणे नाही' असे म्हणणाऱ्या ख्रिस्ती माणसाला बायबलचा आधार नाही.

मराठीत अडचण 'प्रायश्चित्त' या शब्दाचीही आहे. धर्मशास्त्रात प्रायश्चित्त पापी स्वतः घेतो : कृच्छ्र, किंवा चंद्राच्या कलेबरोबर घास वाढवत-घटवत नेण्याचे चांद्रायण. त्या अर्थाला स्वतःचे गांभीर्य आहे. पण बायबलच्या मराठी भाषांतरात हाच शब्द हिब्रू 'किप्पेर'साठी बसवला गेला, आणि तिथे क्रियापदाचा कर्ता बदलतो. लेवीयात माणूस अर्पण आणतो, प्रायश्चित्त मात्र याजक करतो आणि क्षमा देव करतो. नव्या करारात तर याजक, अर्पण आणि ज्याच्याकडून क्षमा येते तो, असे सगळे एका ठिकाणी येतात. वाचकाच्या मनात 'प्रायश्चित्त घेणे' आणि 'भोग भोगून संपवणे' हे अर्थ आधीपासून असतातच, त्यामुळे वधस्तंभ म्हणजे कोणीतरी आपले भोग भोगले, एवढेच त्याच्या पदरात पडते.

प्रेषित पौलाने रोमकरांस पत्रात (३:२५) देवाने ख्रिस्ताला 'हिलास्टेरियोन' म्हणून पुढे ठेवले असे लिहिले आहे. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात हाच शब्द दयासनासाठी, त्या सोन्याच्या झाकणासाठी आहे. या वाचनाप्रमाणे येशू हा देवापुढे आणलेला बळी तर आहेच, शिवाय देव आणि माणूस जिथे भेटतात ती जागाही तोच आहे, आणि ती जागा आता अंतरपटाआड नसून सगळ्यांसमोर आहे. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात (५:१९) दिशा आणखी स्पष्ट होते : देव ख्रिस्तामध्ये जगाचा स्वतःशी समेट करत होता. देवाचे मन वळवले गेले असे पौल कुठेही म्हणत नाही. वळवायचे आहे ते जगाला. योहानाच्या शुभवर्तमानात तर येशूला 'जगाचे पाप हरण करणारा देवाचा कोकरा' म्हटले आहे. कोकरा वल्हांडण या यहुदी सणाचा, आणि वल्हांडणाचे कोकरू मुळात पापार्पण नव्हतेच. ते इजिप्तमधल्या गुलामगिरीतून सुटकेचे चिन्ह. पाप वाहून दूर नेणे हे काम रानात सोडलेल्या बकऱ्याचे. योहानाने दोन्ही प्रतिमा जाणूनबुजून एकत्र आणल्या आहेत. आपण नकळत मिसळतो, त्यात आणि यात फरक आहे.

चर्चने याचा एकच सिद्धांत कधी ठरवला नाही, हेही सांगायला हवे. निकिया (३२५) आणि कॉन्स्टँटिनोपल (३८१) इथल्या परिषदांचा विश्वासांगीकार (श्रद्धेचे जाहीर सूत्र) 'आम्हा मानवांसाठी आणि आमच्या तारणासाठी' एवढेच म्हणतो. कसे, ते सांगत नाही. चौथ्या शतकात निस्साचा बिशप ग्रेगरी याने ख्रिस्ताच्या देहाचे आमिष दाखवून सैतानाला गळाला लावल्याची प्रतिमा वापरली. त्याच काळात नाझियान्झसच्या ग्रेगरीने थेट प्रश्न विचारला : हे रक्त दिले तरी कोणाला? सैतानाला दिले म्हणणे ही तर अवहेलना. पित्याला म्हणावे तर त्याने आपल्याला कैदेत ठेवले नव्हते, आणि ज्याने अब्राहामाने देऊ केलेला मुलाचा, इसहाकाचा, बळीही घेतला नाही, त्याला पुत्राच्या रक्तात आनंद कसा वाटेल? या प्रश्नाला वळसा घालून कोणी पुढे जाऊ नये.

कँटरबरीचा आर्चबिशप अँसेल्म याने १०९८ मध्ये पुरे केलेल्या ग्रंथात ऋण आणि मानाच्या भाषेत उत्तर शोधले. त्याच्यावर रक्तपिपासू देव उभा केल्याचा आरोप होतो, तो अन्यायाचा आहे. त्याचे सूत्र 'समाधान (म्हणजे ऋणाची भरपाई) किंवा शिक्षा' असे आहे. ख्रिस्ताने समाधान केले म्हणजेच शिक्षेची गरज उरली नाही. शिक्षाच ख्रिस्तावर पडली, ही मांडणी सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारकांची, विशेषतः कायद्याचे शिक्षण घेतलेल्या कॅल्विनची. बाराव्या शतकातल्या अबेलार्डने प्रेमाच्या दर्शनाने माणूस पालटतो यावर भर दिला, आणि १९३० मध्ये स्वीडनच्या गुस्ताफ औलेनने मृत्यू आणि पापावर मिळवलेला विजय ही जुनी मांडणी पुन्हा पुढे आणली. न्यायालयाची प्रतिमा मी टाकाऊ मानत नाही. यशयाच्या ५३ व्या अध्यायात आमच्या शांतीसाठी त्याला शासन झाले, असे शब्द आहेतच. पण ती एकटीच वापरली आणि त्रैक्याचा (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या श्रद्धेचा) विसर पडला की बाप एका तिसऱ्या माणसाला मारतो असे दिसू लागते. ख्रिस्ती श्रद्धेत येशू तिसरा माणूस नाही. जो दुखावला गेला तोच येऊन सोसतो. 'माझा प्राण माझ्यापासून कोणी घेत नाही, मी तो आपण होऊन देतो,' हे योहान १०:१८ मधले म्हणणे बाजूला ठेवले तर उरते ते निव्वळ क्रौर्य.

पापनिवेदनाविषयीही असाच गोंधळ दिसतो. कॅथलिक शिकवणीत (ट्रेंटची परिषद, १५५१) पश्चात्तापी माणसाची तीन कामे आहेत : मनापासून खंत, पाप सांगणे आणि भरपाई. पहिल्या शतकांत गंभीर पापासाठी आधी दीर्घकाळ जाहीर प्रायश्चित्त करावे लागे आणि मग समेट मिळे. पुढे क्रम उलटला. आज धर्मगुरू भरपाई सांगतो, क्षमेचे शब्द तिथेच उच्चारतो, आणि भरपाई बहुधा नंतर केली जाते. सांगितलेली प्रार्थना किंवा दयेचे काम ही क्षमेची किंमत असती, तर क्षमा आधी हातात पडली नसती. आजारातून उठलेल्याने चालायचा सराव करावा तशी ती असते. चोरी असेल तर माल परत करणे मात्र सुटत नाही. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत पाप थेट देवापुढे कबूल केले जाते. तिथे नेमकी ही परतफेडीची पायरी निसटते असे माझे निरीक्षण आहे. जर्मन धर्मसुधारक ल्यूथरच्या १५१७ मधल्या ९५ मुद्द्यांपैकी पहिले दोन शब्दाच्या घोटाळ्याविषयीच होते : लॅटिन बायबलमध्ये येशूचे वचन 'प्रायश्चित्त करा' असे वाचले जाई, पण त्याने मागितला तो सगळ्या आयुष्याचा पालट, संस्कारापुरता विधी नव्हे. मराठीत आपण त्याच वळणावर उभे आहोत.

आता ज्यासाठी हे सगळे लिहिले त्या मुद्द्याकडे येतो. प्रायश्चित्त म्हणजे कोणीतरी पुरेसे दुखावले जाणे, असे एकदा धरले की दुःखच पवित्र ठरते. मग कर्करोगाच्या रुग्णाला 'कोणते पाप आहे ते आठवून पाहा' असे सांगितले जाते, आणि मार खाणाऱ्या बाईला 'येशूनेही सोसले, तूही सोस' असे. दोन्ही सल्ले बायबलविरुद्ध आहेत.

पहिल्यासाठी तीन ठिकाणे पाहावीत. जन्मांध माणसाविषयी शिष्य विचारतात, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू म्हणतो, ना याचे, ना त्यांचे (योहान ९). शिलोहातला बुरूज पडून १८ माणसे मेली, ती इतरांपेक्षा जास्त पापी होती का? नाही, असे तो स्वच्छ सांगतो (लूक १३). आणि निर्दोष असूनही दुःख भोगणाऱ्या ईयोबाच्या पुस्तकात शेवटच्या अध्यायात देवाचा राग होतो तो ईयोबावर नव्हे, तर त्याच्या दुःखाचा हिशेब मांडून देणाऱ्या मित्रांवर. ज्याने देवाशी भांडण मांडले तो 'यथार्थ बोलला' असे देवच म्हणतो.

दुसऱ्यासाठी येशूचे वागणे पाहावे. लोकांनी दगड उचलले तेव्हा तो मंदिरातून निघून गेला. कड्यावरून लोटायला नेले तेव्हा त्यांच्यामधून निघून गेला. एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी पळून जा, असे त्याने शिष्यांना सांगितले. प्रमुख याजकापुढे शिपायाने थोबाडीत मारली तेव्हा तो गप्प बसला नाही : 'मी वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर, योग्य बोललो असेन तर मला का मारतोस?' गेथशेमाने बागेत त्याने हा प्याला टळावा अशी प्रार्थना केली. त्याने दुःखाची ओढ धरली नाही. प्रेम आणि सत्य सोडायला नकार दिला, आणि त्याची किंमत दुःखाने वसूल केली. पेत्राच्या पहिल्या पत्रातला सोसण्याचा उपदेश ज्यांच्यापुढे सुटकेची वाटच नव्हती अशा दासांना आहे. ज्या बाईपुढे दार उघडे आहे तिच्यापुढे तो वाचणे म्हणजे ते दार आपल्या हाताने लावणे. अशा वेळी पाळकाचे किंवा धर्मगुरूचे पहिले काम तिला सुरक्षित जागी पोहोचवणे. मारणाऱ्याला क्षमेच्या गोष्टी त्याने कबुली आणि भरपाई केल्यावर. दोषार्पणाचा क्रम तोच आहे.

'ख्रिस्ताच्या क्लेशांत जे उणे आहे ते मी माझ्या देहात भरून काढतो' हे पौलाचे वाक्य (कलस्सैकरांस १:२४) या बाबतीत पुढे केले जाते. तारणात काही उणे राहिले असे पौल म्हणत नाही. तो मंडळीच्या सेवेत भोगलेल्या तुरुंगवासाविषयी आणि छळाविषयी बोलतो. पोप दुसऱ्या जॉन पॉल यांनीही ११ फेब्रुवारी १९८४ च्या पत्रात माणसाच्या दुःखाने ख्रिस्ताच्या कार्यात भर पडत नाही, प्रेमाने ते त्यात सहभागी होऊ शकते, असे स्पष्ट केले. वेदनाशामक औषध नाकारण्यात पुण्य आहे, ही समजूतही सोडून द्यावी. येशूने वधस्तंभावर खिळण्याआधी देऊ केलेला बोळमिश्रित (गुंगी आणणारा) द्राक्षारस घेतला नाही हे खरे, पण तो नियम कोणावर घातला नाही. पोप बाराव्या पायसने २४ फेब्रुवारी १९५७ रोजी भूलतज्ज्ञांपुढे बोलताना वेदना शमवण्यास स्पष्ट संमती दिली.

रुग्णाच्या उशाशी बसणाऱ्याने काय वाचावे, असे अनेकदा विचारले जाते. कारणमीमांसा करू नये. रोमकरांस ८:२८ मधले 'सर्व मिळून कल्याणकारक होते' हे वचन तर पहिल्या भेटीत नकोच. ते रुग्णाने स्वतः उच्चारले तर सोने, दुसऱ्याने ऐकवले तर दगड. त्यापेक्षा बायबलमधले २२ वे स्तोत्र वाचावे, येशूने वधस्तंभावर ज्याची पहिली ओळ उच्चारली ते. आणि रुग्णाला तेही फार आशेचे वाटले तर ८८ वे. त्याच्या अखेरीस सांत्वन येत नाही. तिथे फक्त अंधार आहे, आणि तरीही ती प्रार्थना बायबलमध्ये जशीच्या तशी राहू दिली आहे. वाचून झाल्यावर पुस्तक मिटावे आणि थोडा वेळ तिथेच बसावे.

आपला,
एक वाचक